लाइन लागली की उठवतो

सव्वादोन.
वसमत रोडवरून उसाचा ट्रॅक्टर गेला,
दोन ट्रॉल्या, मागचीची पिन सैल.
एवढं मला नुसत्या आवाजावरून कळतं.
कळायला नको.

प्रयाग कूस बदलते. "काऊन बसलाव उठून?"
पाणी प्यायला, म्हणतो.
चौथ्यांदा पाणी प्यायलोय मी आज रात्री.

उपाय सगळे झाले.
दुधात जायफळ झालं.
तळपायाला काशाची वाटी झाली,
तळवे काळे, चादर काळी,
डोळे मात्र टक्क पांढरे.
मुंदडा डॉक्टर म्हणाले, दुपारचं झोपत जाऊ नका.
म्हटलं, दुपारी झोपता आलं असतं
तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?
नातवानं मोबाइलवर पाऊस लावून दिला,
झोप येण्यासाठी, दीड तासाचा.
मी उठून गच्चीवरचे कपडे काढून आणले.

शंभरापासून उलटं मोजा, असंही कुणी सांगितलं.
आकडे माझ्याच्यानं होत नाहीत.
मी गावं मोजतो.
जिंतूर. सेलू. मानवत. पाथरी.
सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा.
एकोणीस वर्षं रात्रपाळी, परभणीच्या टेलिफोन एक्स्चेंजात,
बोर्डावर गावागणिक एक पितळी झाकण,
तिकडं कुणी हँडल फिरवलं की टप्कन पडायचं
आणि मी म्हणायचो, बोला, परभणी.
रात्री कुणी सहज म्हणून फोन करत नसे.
अडलेली बाळंतपणं. गेलेली माणसं.
मानवतचा एक अडत्या एकदा
कापसाचा भाव विचारता विचारता रडायलाच लागला.
तीन मिनिटं झाली, हे सांगायचं मी विसरलो त्या दिवशी.

बोर्ड भंगारात गेला.
कान राहिला.

पालमचं झाकण पडलं तेव्हा पौषातली थंडी होती.
दवाखान्यातल्या सिस्टर, सरस्वती गवारे.
मुलगा औरंगाबादला, घाटीत, सहा दिवसांचा ताप.
लाइन मिळेना. जालन्याच्या पुढं नुसती खरखर.
म्हटलं, सिस्टर, रिसीव्हर कानाशीच असू द्या
आणि पडा जरा.
लाइन लागली की उठवतो.

किती रात्रींची जागलेली बाई, कोण जाणे.
थोड्या वेळानं वायरीतून श्वास यायला लागला.
आत ओढलेला. थांबलेला. सोडलेला.
मधेच ओठांचा बारीक आवाज,
लहान लेकरं करतात तसा.
बाकीची झाकणं मी दबक्या आवाजात उरकली.
गंगाखेडवाला ओरडला, मोठ्यानं बोला की हो!
नाही बोललो.

चारला घाटी लागली.
वॉर्डातल्या माणसानं जांभई देत सांगितलं,
पोराचा ताप उतरलाय, गाढ झोपलाय.

मी उठवलं नाही.
शब्द दिला होता, आणि नाही उठवलं.
निरोप कागदावर लिहून घेतला,
कॉर्ड तशीच राहू दिली
आणि तो श्वास ऐकत बसलो
पालमहून पहिली एसटी सुटायच्या वेळेपर्यंत.
सकाळी त्या रागावल्या, मग रडल्या,
मग पुन्हा रागावल्या. बरोबरच होतं त्यांचं.
हे मी प्रयागला अजून सांगितलेलं नाही.
त्यात सांगण्यासारखं काय आहे
ते मलाच नीट कळत नाही.

पावणेचार.
स्टेशनात मालगाडी डबे मागं ढकलतीय.
मी कुशीवर वळतो,
मूठ कानाशी धरतो, रिसीव्हरसारखी,
आणि आतल्या आत ड्यूटीवरचा आवाज काढतो.
पडा जरा, म्हणतो. लाइन लागली की उठवतो.
कुठली लाइन, कुणासाठी, मी विचारत नाही.
जालन्याच्या पुढं खरखर आहे.
असू दे.

"दूधवाला दोनदा घंटी वाजवून गेला,"
प्रयाग म्हणते. ऊन पार उंबऱ्याच्या आत आलेलं.
"उठवणारच होते तुम्हाला.
म्हटलं, राहू द्या."