दुसरी ‘ब’ सोपवताना
(सोहार, ओमान)

शर्वाणी, कपाटाची किल्ली ऑफिसात शोधू नकोस,
ती खमीसकडे असते, तीन नंबरच्या बसवर.
खमीस म्हणजे गुरुवार. मुलांना हे फार आवडतं,
इथे आठवडा गुरुवारीच संपतो.

एसी अठराच्या खाली नेऊ नकोस.
त्याच्याखालची रांग शिंकते, दाराजवळची घामेजलेली राहते
आणि दहाच्या सुमाराला तो ठिबकायला लागतो,
नेमका गोष्टींच्या पुस्तकांवर.
खाली आइस्क्रीमचा रिकामा डबा ठेवलाय.
भरला की कोरफडीला घाल.
बाकीची झाडं मेली, त्यात तुझा दोष नसेल.

रोज सकाळी पंधरा पेन्सिली टोक काढून तयार ठेव.
‘हरवली’ म्हणणाऱ्याला ‘कुठे’ विचारू नकोस.
मी एकदा अख्खा तास तपास केला,
पेन्सिल माझ्याच अंबाड्यात निघाली.
वर्ग अजून हसतो.

घसा सांभाळ.
आवाज इतका खाली आण
की ऐकायला ते आपणहून पुढे झुकतील.
हे डी.एड.ला नव्हतं.
धुळीच्या वाऱ्याने घसा बसला,
त्या आठवड्यात कळलं.

इनिया ‘टीचर, टॉयलेट’ म्हणते तेव्हा खरंच जायचं असतं.
जोविता म्हणते तेव्हा वजाबाकी असते.
दोघींना जाऊ दे.
वजाबाकीचंही खरंच आहे तिचं:
पुस्तकात शंभर पैशांचा रुपया,
खिशात हजार बैशांचा रियाल.
हातचा नेमका कुठून घ्यायचा पोरीने?

‘आमचे घर’ काढा म्हटलंस
तर सगळे उतरतं छप्पर काढतील, मागे दोन डोंगर, एक नदी.
शाबासकी दे. मग म्हण,
आता जिथे रात्री झोपता ते काढा.
मग येतील सपाट गच्च्या, पाण्याच्या टाक्या,
एकाच खोलीत पडदा लावून केलेल्या दोन खोल्या,
आणि अश्मीलच्या चित्रात
नाइट ड्यूटीहून येऊन दिवसा झोपलेले बाबा.
तो वर्गात कुजबुजत का बोलतो, ते मला
तेव्हा कळलं. नोव्हेंबर उजाडला होता.

फी थकलेल्यांची यादी दहा तारखेला येते.
ऑफिस म्हणेल वर्गात वाचा. वाचू नकोस.
अठ्ठावीस पाकिटं घे, प्रत्येकात एक चांदणी घाल,
चार पाकिटांत चांदणीमागे ती चिठ्ठी.
चांदण्यांचे पैसे कुणी देत नाही. लुलूत
दोनशे बैशांना पन्नास मिळतात.

आणि मग एक दिवस एखादं मूल येणार नाही.
दोन दिवस तू ताप समजशील.
तिसऱ्या दिवशी बसमधलं कुणी सांगेल,
‘टीचर, त्याच्या पप्पांचं कॅन्सल झालं.’
काय कॅन्सल, ते नाही सांगत.
सात वर्षांची मुलंही तो शब्द गाळून बोलतात.

नाव लगेच खोडू नकोस.
मी आठवडाभर हजेरीत घेत राहते.
पहिले दोन दिवस शांतता असते,
मग कुणीतरी मागून त्याच्या वतीने
‘प्रेझेंट’ म्हणतं.
तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं,
अठ्ठावीस हजर, सत्तावीस डोकी, असं कसं?
मी म्हटलं, मोजायला चुकले.

तर, रविवारी सकाळी तू उभी राहशील
तेव्हा ते तुझ्यामागे दाराकडे बघतील.
या वेळी आमच्या ह्यांचं झालंय. कॅन्सल.
मी मुलांना सांगितलं नाही.
गुरुवारी सांगणार होते, पण चित्रकलेचा तास होता
आणि सगळ्यांचे हात रंगलेले.

तू सांग. ताप आलाय म्हणू नकोस,
ते दोन दिवस वाट बघतील.
आणि मागून कुणी माझ्या नावाने
‘प्रेझेंट’ म्हणालंच,
तर उगाच रागावू नकोस.

डबा मी निघताना अर्धा भरला होता.
आधी तो बघ.