दोन रेघा

घरघंटीची मोटर काढली तेव्हा
नलिनी काही बोलली नाही.
ज्वारीचा डबा काखेत घेतला
आणि भर दुपारी चक्कीकडं निघाली.

अर्ध्या हॉर्सपॉवरची. चालेल.
दगडी चाक जळगावहून आणलं, गुलाबी,
खडीसाखरेसारखं करकरीत.
त्याला गोलाई द्यायला हिऱ्याचं टोक लागतं.
"लग्नात नाही आणला," ती परत आल्यावर म्हणाली,
"आता दगडाला आणला."

बेंडाळे भिंतीवरून डोकावला:
"काय करून राह्यला, भो?"
बर्फावर चालायच्या बुटांना धार.
त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग आभाळाकडं.
भुसावळला शेचाळीस होतं त्या दिवशी.

सत्तावीस वर्षं शेडमध्ये
इंजिनांची चाकं घासतोय मी.
त्या चाकांना रूळ असतात, कुठं जायचं ते ठरलेलं.
ह्या पात्याला सगळीकडं वाट.
विळ्याला एक धार, ह्याला दोन,
आणि दोघींच्या मधे एक नाली
बोटाला लागेल न लागेल अशी.
उथळ राहिली तर पोरगी घसरते,
खोल गेली तर रुतते.

पहिला प्रयोग जुन्या जोडीवर,
हर्षाली अकरा वर्षांची होती तेव्हाच्या.
मधेच व्होल्टेज पडलं,
चाक घुटमळलं,
टाचेजवळ निळा डाग.
पात्यावर दोन रुपयांचं नाणं आडवं ठेवलं
तर ते डावीकडं कललं,
बेंडाळे बाकावर बसतो तसं.
पुन्हा. परत कललं. पुन्हा.
तिसऱ्या रात्री नाणं सरळ बसलं
आणि अंगठ्याचं नख
पात्यावर हलकंसं सोललं गेलं.

सकाळी कारखान्यातून अर्धी लादी आणली,
स्कूटरवर, गोणपाटात गुंडाळून,
मागं रस्ताभर पाण्याची धार.
अंगणात केळीच्या पानावर ठेवली.
बुटात हात घातला, दाबला, ओढला.

दोन रेघा. बारीक, शेजारी-शेजारी,
शेवटपर्यंत कुठंही न भेटणाऱ्या.
मी नलिनीला हाक मारली: ये, बघ,
रूळ टाकले!

हर्षाली डेहराडूनहून दहा दिवसांसाठी आलेली,
दात घासत उभी होती.
"पप्पा, दोन उमटल्या की गुण कापतात."
म्हणजे?
"म्हणजे मी सपाट उभी आहे. झुकले नाही.
एका वेळी एकाच धारेवर राहायचं असतं."
मग दुसरी कशाला घासली मी?
ती चूळ भरून आली.
"वळताना लागते," म्हणाली.

चारपर्यंत लादी साबणाच्या वडीएवढी उरली.
गल्लीतल्या पोरांनी तीही पळवली.
बेंडाळीणबाई विळा घेऊन आल्या,
त्यांनाही धार लावून दिली, एकच.

ती गेली त्या रात्री
मोटर घरघंटीला परत बसवली.
कळण्याची पहिली भाकरी
दाताखाली कचकचली.
मी थांबलो.
"चावा," नलिनी म्हणाली,
"तुमचंच दळण आहे."