ठिपक्यांची रेघ

भूमी अभिलेखात सत्तावीस वर्षं
लोकांच्या हद्दी काढल्या मी.
भावांच्या, जावांच्या, एकदा तर
बैल पुरलेल्या एका कोपऱ्यासाठी
कोर्टात गेलेल्या दोन मामेभावांच्या.
माझ्या नावावर तेव्हा
एक पेन्सिल, एक पट्टी,
आणि देवपुरातली भाड्याची दीड खोली.

मग धुळ्याबाहेर, गोंदूर रोडला,
रोहिदास दलालाच्या मोटारसायकलवर मागे बसून
पाहिला हा प्लॉट.
तीस बाय पन्नास, पूर्वमुखी, एन. ए. झालेला.
‘मॅडम, शांतता बघा,’ तो म्हणाला,
जणू तीही त्यानेच आणून टाकलेली
दोन ट्रॅक्टर मुरमासोबत.
पण होती खरी.
टिटवी ओरडली तर
कुठल्या प्लॉटमधून, ते सांगता येत होतं.

वहिनी म्हणाली, एकटीला एवढं कशाला?
बँकेतला पोरगा म्हणाला, सहकर्जदार कोण?
मी दोघांनाही एकच विचारलं,
सही कुठे करू?

जमीन काळी. निंबाजी गवंडी म्हणाला,
ही उन्हाळ्यात तोंड वासते, पावसाळ्यात फुगते,
पाया मुरमापर्यंत न्या,
नाहीतर भिंती बोलायला लागतील.
सात फूट खाली गेलो.
पी.एफ.चे पैसे माझ्याआधी
तिथे राहायला गेले.

मी आले एप्रिलच्या शेवटी.
चव्वेचाळीस अंश, एका आड एक दिवस टँकर,
रस्त्यावर खांब, खांबांवर दिवे नाहीत.
फ्रिज बंद होताना खाकरतो
हे नऊ वर्षांनी कळलं.

आणि एका सकाळी साडेसहाला
स्वयंपाकघराच्या खिडकीखालून
एक म्हातारी चालत गेली,
डोक्यावर पाटी, मागे दोन शेळ्या.
म्हटलं, मावशी, हे घर आहे.
ती थांबली नाही.
‘घर आते उनं व माय,
वाट पहिलेपाईन शे.’

ऑफिसात जुना गावनकाशा उलगडला,
कापडावर चिकटवलेला, घडीवर फाटलेला.
गट एकशे बारामधून
नाल्याकडे जाणारी ठिपक्यांची रेघ.
नव्या लेआऊटवर ती नव्हती.
नव्या लेआऊटवर खाली उजवीकडे
‘तपासले’ लिहिलेलं,
आणि माझी सही.

श्रावणात, रविवार जागवून
सोमवारी सकाळी कानबाई आली त्या वाटेने.
पुढे डफ, मागे बाया, मधे डोक्यावर ती, नथ घालून.
मी स्कूटी बाजूला घेतली.
रोट भाऊबंदकीतच खायचे असतात,
ते कोणी दिले नाहीत.
एकीने पुढे होऊन कुंकू लावलं.
सवाष्ण का, म्हणून विचारलं नाही.

कंपाउंड घालताना मी दोन फाटकं ठेवली,
एक पुढे, एक मागे.
निंबाजी हसला. म्हणाला, चोराची सोय.

पुढच्या उन्हाळ्यात मागचा प्लॉट
सोनवणे सरांनी घेतला. चांगला माणूस,
तुळशीला पाणी घालताना रेडिओ लावतो.
सात फुटी भिंत बांधली त्यांनी,
आपल्या हद्दीत, एक इंचही चुकली नाही.
मीच मोजून दिली.

आता माझं मागचं फाटक
त्यांच्या भिंतीत उघडतं.
खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्यात:
पूर्वेस नऊ मीटर रस्ता, पश्चिमेस प्लॉट नंबर एकोणीस.
मधल्या वाटेचा उल्लेख नाही.
तिथे गवत मात्र अजून धरत नाही.
संध्याकाळी जेवण झालं की मी चालते,
पन्नास फूट जाणं, पन्नास फूट येणं.

म्हातारी दिसली नाही पुन्हा.
परवा तिची एक शेळी आली, एकटीच.
मी पुढचं फाटक उघडलं.
सरळ आत गेली, भिंतीपाशी थांबली,
भिंत हुंगली,
आणि वळून माझ्याकडे बघितलं,
मोजणीच्या दिवशी बांधावर उभी राहून
लोक बघायचे
साखळी धरलेल्या माणसाकडे
तसं.