आठ की बी

यंत्र रेवणसिद्धचं, भिवंडीच्या मामेभावानं वापरून टाकलेलं.
पण टीव्ही आमच्याकडे होता,
म्हणून खेळ दत्तनगरात, आमच्या खोलीत,
चादरींच्या गठ्ठ्यावर बसून.
भिंतीपलीकडे नायनांचे चार माग.
त्यांची खटखट पडद्यावरच्या ठोशांशी
कधीच जुळली नाही.

लढायला बारा जागा.
बारा चौकोन, पोस्टाच्या तिकिटाएवढे:
पूल, बर्फ, जहाज, कुठल्या तरी देशातलं देऊळ,
आणि शेवटचे दोन काळे, कुलूपबंद.
वेणूअण्णाला पुलाचा कंटाळा.
"पहिल्या घरात काय असावं ते मी ठरवणार."

मग कोड आले.
आठ आकडे, थोडी मोकळी जागा, चार आकडे.
नऊ संपले की ए, आणि एफला इंग्रजीच संपते,
हे मला फार सोयीचं वाटलं.
आईच्या विडी कारखान्याचं जुनं पासबुक,
त्याच्या कोऱ्या पानांवर मी ते उतरवले.
पुढच्या पानांवर कारकुनाचं अक्षर:
हजार. नऊशे. छाट शंभर.

पहिल्या घरात देऊळ. तिसऱ्यातही देऊळ.
चित्र बर्फाचं, दाबलं की जहाज.
रेवण्या दर वेळी फसायचा
आणि दर वेळी तेवढंच हसायचा.
नावंही बदलता यायची, पण आठच अक्षरं मावत.
गड्डा मावला. होटगी रोड कसाबसा.
सिद्धेश्वर इंग्रजीत लिहिला
तर देवाचा 'वर' तेवढा बाहेर सांडला.

लाईट गेली की सगळं पुसलं जायचं.
पुन्हा पूल पहिला, पुन्हा कुलपं.
पुन्हा मी वाचायची, अण्णा भरायचा,
एकेक आकडा, अंगठ्यानं.

एकदा नायना दारात येऊन उभे,
काखेत जकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ.
"काय लिहिताय हे?"
अण्णानं घाबरत सांगितलं.
त्यांनी एक पुठ्ठा बल्बसमोर धरला,
त्यांच्या बनियनवर ठिपके ठिपके उजेड पडला.
"भोक असलं की दोरा उठतो. नसलं की नाही.
मोराच्या डोळ्याचं एक भोक चुकलं,
तर सगळा लॉट आंधळा निघतो."
एवढं बोलून गेले.
खेळ बंद करा म्हणाले नाहीत.

मे महिना. पत्रा तापलेला.
मी वाचत होते, घाम पानावर.
आठ वाचलं की बी, कुणाला ठाऊक.
अकरावा चौकोन उघडला.

आभाळ नव्हतं.
जमीन निम्मीच, कडेला दशा सुटलेली,
बनवणाऱ्यानं मागावरून अर्धी उतरवलेली.
तिच्यावर दोघं गडी, मुठी आवळून, श्वास घेत.
संगीतही नव्हतं तिथं.
म्हणून भिंतीपलीकडचे माग ऐकू आले,
आणि पहिल्यांदा वाटलं, हे इथलंच आहे.
कुणी बटण दाबलं नाही.
नव्याण्णवपासून घड्याळ उतरत होतं.
एक्केचाळीसला लाईट गेली,
पडदा आणि माग एकदमच थांबले.

नंतर किती वेळा.
आठ, बी, आठ, आठ, बी. पानंच्या पानं.
कधी जहाज यायचं, कधी यंत्र गोठायचं,
ती जागा नाही आली.

माग भंगारात वजनावर गेले.
रेवण्या जोडबसवण्णा चौकात मोबाइल दुरुस्त करतो.
अण्णा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात
संगणकावर नक्षी बसवतो, पुठ्ठा लागत नाही.
मी पोस्टात. दिवसभर खातेक्रमांक.
माझा आठ नीट दोन गोलांचा असतो,
नवी मुलगी हसते त्याला.

परवा रात्री अण्णाचा फोन.
कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.
"पासबुक जवळ आहे?
सातवं पान, वरून तिसरी ओळ.
मधली रेघ नखानं खरवडून बघ.
तंबाखूचा डाग असेल तो.
मग तो डी असणार."