कालेज

दिग्रसच्या स्टँडसमोर माझं दुकान : झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन फॉर्म.
'कॉलेज प्रवेश सुरू' अशी पाटी बारा महिने लटकते.
कुठलं कॉलेज, ते मी लिहिलंच नाही.

सातची गाडी तांड्यावरून पोरी घेऊन येते.
अनुसया राठोड दहावीत होती त्याच खोलीत,
खिडकीजवळच्या त्याच बाकावर जाऊन बसते.
फक्त निळा गणवेश गेला,
म्हणून आता ते कालेज.

खताच्या दुकानावर माडीवर तीन खोल्या,
खोल्यांपेक्षा लांब नावाचा बोर्ड.
आत एक शिपाई दिवसभर पेपर वाचतो.
परीक्षेपुरती पोरं येतात,
खुर्च्या मंगल कार्यालयातून.
तेही कालेजच.

निकेश गेडामच्या दोन्ही हातांवर वेल्डिंगचे डाग,
महिन्याला माझ्या दुप्पट कमावतो.
पण सोयरिकीला आलेले विचारतात, "पोरगं कालेजात होतं ना?"
तर बाप आवाज उतरवून म्हणतो, "नाही, आयटीआयले,"
जसं काही दुखणं सांगतो.

आणि मी? बी.ए. दुसरं वर्ष, बाहेरून.
कालेजचं फाटक एकदा पाहिलं.
रविवार होता.

परवा देवकाबाई आली, पोरीच्या स्कॉलरशिपसाठी.
'आईचे शिक्षण' आलं,
मी न विचारता 'निरक्षर' दाबलं. बोटाची सवय.
"काय टाकलं?"
सांगितलं.
"काहून? मी बी कालेजात होती. यवतमाळले. एकवीस दिस.

पोटात गोळा होता ना.
रोज सकाळी वीसेक पोट्टे वह्या घेऊन खाटेभोवती.
मोठा डॉक्टर म्हने, अठी दाबा, आता अठी.
एक पोरगी लय भेली, हात बरफावानी थंडे.
मीच धरला तिचा हात,
म्हटलं, अठी नाही माय, जराशीक खाली."

मी यादी उघडून खाली उतरत गेलो :
प्राथमिक, माध्यमिक, पदवी, इतर.
'इतर'वर थांबलो,
आणि सर्व्हर गेला.

तासाभरानं फॉर्म निघाला. तीस रुपये झाले.
तिनं पदराची गाठ सोडून वीस ठेवले काचेवर.
"दहा त्या डॉक्टरायकडून घेजो.
फुकटच शिकले माह्यावर."