मातीपुरतं

समितीचा कागद कानडीत आला. पाच प्रश्न.
केंद्र कशासाठी काढलं?
ते कारण अजून शिल्लक आहे काय?
हेच काम दुसरं कुणी करतं काय?
वर्षाचा खर्च?
आणि बंद केल्यास कोणाला कळेल?

चार मी जेवणाच्या सुट्टीआधी भरून टाकले.
कौलं गळतात, फुटतात, म्हणून त्रेसष्ट साली काढलं.
आता खानापुरात घरांवर पत्रा आहे, स्लॅब आहे.
गेल्या वर्षी तपासणीला अकरा कौलं आली,
त्यातली चार एकाच देवळाची.
खर्चात दोन पगार, भट्टीचं लाकूड
आणि मांजराचं दूध, ते मी 'किरकोळ'मध्ये घातलं.
पाचवा रकाना कोरा ठेवून
कागद मोनाप्पापुढे सरकवला.
त्यानं त्यावर डबा उघडला.

सुनावणी बेळगावात,
हलग्याकडच्या टेकडीवरची ती पांढरी इमारत.
हिवाळ्यात थोडे दिवस गजबजते,
बाकी वर्षभर झाडून ठेवतात.
तिचे पाच प्रश्न कोण विचारतं,
हे मी विचारलं नाही. माझी पेन्शन जवळ आली आहे.

अध्यक्ष बाई कोप्पळकडच्या. ओरडतील वाटलं होतं,
त्यांनी आधी पाणी मागवलं. आमच्यासाठी.
फाईल त्यांनी खरंच वाचली होती.
"वजन आहे, शोषण आहे, भार आहे,
सगळ्या चाचण्या चौदा तारखेच्या.
मग निकाल बाराचा कसा?"

माझ्या हातापायातलं पाणी झालं.
मोनाप्पानं पिशवीतून कौल काढलं,
दोन बोटांवर तोललं,
आणि गाठीनं एक टिचकी.
खण्ण.
दुसरं काढलं.
बद्द.
"एवढंच बघा बाई," तो कानडीत म्हणाला,
"बाकी सगळं रजिस्टरसाठी."
'बद्द' मात्र मराठीतच राहिलं.
लघुलेखकानं मान वर केली, हे लिहू कसं?
"कान," बाई म्हणाल्या, "कान असं लिहा."

मग त्यांनी विचारलं,
"तुमच्यानंतर हे कुणाला येतं?"

मोनाप्पानं माझ्याकडे बघितलं.
एकोणीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर.
एकोणीस वर्षं त्यानं वाजवलं, मी आकडे मांडले.
मला सगळी कौलं सारखीच ऐकू येत होती.
मी फाईलीची नाडी बांधायला घेतली,
ती आधीच बांधलेली होती.

बाई बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या.
निर्णय पुढच्या बैठकीत.

बाहेर पॅसेजमध्ये मोनाप्पा थांबला,
संगमरवरी खांबाला कान लावून
गाठीनं टिचकी मारली. पहारेकरी धावला,
"ए अज्जा, काय चाललंय?"
काही नाही म्हणाला, आणि चप्पल शोधू लागला.

परतीच्या गाडीत, देसूरच्या अलीकडे
मला राहवलं नाही. "काय वाजला रे खांब?"
"दगडातलं मला काय कळतंय?
आपलं मातीपुरतं."

मग पिशवीत हात घालून
त्यानं एक कौल माझ्या मांडीवर ठेवलं,
कुठलं ते सांगितलं नाही.
"हं. वाजव की."

मी वाजवलं.
इंजिनाच्या घरघरीत काही कळलं नाही.
देसूर गेलं.
परत वाजवलं.