दोन बोटं डावीकडे

जुनी दुर्बीण आज स्टोअरला जमा केली.
रजिस्टरात लिहिलं: थर्मल दुर्बीण, एक नग,
डोळ्याचं रबर फाटलेलं, बाकी चालू.
रकान्यात जागा नव्हती,
नाहीतर लिहिलं असतं
की हिच्यावर नेम धरला तर
सुई दोन बोटं उजवीकडे जाते.

सहा वर्षं मी दोन बोटं डावीकडे धरत आलो
आणि बरोबर लागत आलं.
वागळे इस्टेटच्या बंद छापखान्यात.
पोखरण रोडच्या सोसायटीत, पार्किंगच्या कोपऱ्यात,
वर गॅलरीगॅलरीतून मोबाइल रोखलेले
आणि एक काकू ओरडतायत, "ओ, मारू नका हं त्याला!"
मारत नाही हो काकू, झोपवतोय.

त्या दुर्बिणीत बिबट्या म्हणजे
तव्यावर फाटलेलं घावन.
मान कुठली, मांडी कुठली, सगळा अंदाजाचा कारभार.
ऐन वेळी टक्‌ करून ती डोळा मिटायची,
चित्र गोठायचं,
तेवढ्यात मी श्वास सोडायला शिकलो.

नवी आली ती येऊरच्या चौकीवर,
स्पंजात बसवलेली, नवरीसारखी.
लडक्या बरफला सागाच्या झाडापाशी उभा केला.
आडनाव बरफ,
पण साऱ्या रानात तोच एकटा पेटलेला.
कानाच्या पाळ्या गार, नाकाचा शेंडा काळा,
खिशातली बिडी विझवून किती वेळ झाला तेही दिसलं.
तो बाजूला झाला तरी
सागावर त्याचा पंजा राहिला होता.
मग एकेक बोट विझत गेलं, करंगळी आधी.

पोत्यात गरम पाण्याची बाटली ठेवून नेम लावला.
तीन सुया. तिन्ही दोन बोटं डावीकडे.
शिरसाट मॅडम म्हणाल्या, "कंपनीला पत्र टाकू?"
नको म्हटलं. ही खरं बोलते.
खोट माझ्या खांद्यात आहे.

महिनाभर खांदा सरळ करत होतो.
मग उपवनच्या वरच्या अंगाला,
बंगल्याच्या पाण्याच्या टाकीमागे, रात्री दीडला,
ती दिसली. मिशांपर्यंत दिसली.
पोटाखाली ओळीनं ऊन ठिपके,
आणि टाकीच्या सावलीत
मुठीएवढे दोन उजेड, एकमेकांवर चढलेले.

मी बोट घोड्यावरून काढलं.
मालक विचारत होता, "अहो, थांबलात का?"
मला छापखाना आठवत होता.
ते घावन केवढं रुंद होतं.
एकच होतं ना?
पिंजऱ्यात घालून आम्ही नेलं तेव्हा
मशीनखाली कुणी बघितलं होतं का?
मी नव्हतं बघितलं.

पहाटेपर्यंत दिवे बंद करून बसलो.
तिनं एक नेलं, परत आली, दुसरं नेलं.
टाकीखालची जमीन थोडा वेळ उजळ होती.

जुनी आता बदलापूरला द्यायची म्हणतात.
तिथल्या पोराला फोन लावला. आवाज कोवळा.
म्हटलं, हे बघ, दोन बोटं डावीकडे धर.
आणि रुंद दिसलं तर थांब.
तो लिहून घेत असावा,
कारण मध्येच थांबून त्यानं विचारलं,
"साहेब, बोटं कुणाची?"